पिल्लाचे पहिले तीन महिने

मा. संपादक,
स. न.

पावसाळा सरताना गाभण राहिलेल्या कुत्र्या दिवाळीच्या आगेमागे वितात आणि आमच्या तासगाव भागात पिल्लं उचलण्याची घाई सुरू होते. द्राक्षबागेला राखण हवी, म्हणून जेमतेम महिन्याचं पिल्लू गोणपाटातून आणायचं, गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधायचं आणि 'तिखट व्हावं' म्हणून पोरांनी काठीने डिवचायचं. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करताना हे पाहत आलो, निवृत्तीनंतरही पाहतोच आहे.

पिल्लाचे डोळे दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात, मागोमाग कान. तिथून साधारण १२ ते १४ आठवड्यांपर्यंत जी माणसं, जनावरं, आवाज सुखाने ओळखीचे होतात, त्यांना ते पुढे सहसा भीत नाही. अमेरिकेत बार हार्बर इथल्या, १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १४ आठवडे माणसाविना वाढलेली पिल्लं नंतर रानटी जनावरासारखी वागली. बांधून एकटं वाढवलेल्या कुत्र्याला ट्रॅक्टर, अनोळखी पाहुणा, शाळेचं पोर सगळंच संकट वाटतं. भ्यालेल्या कुत्र्याला चोर आणि पाहुणा यांतली पारख राहत नाही. सापडेल त्याला ते चावतं.

दोन महिन्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नये. खेळताना जोरात चावलं की भावंड केकाटून खेळ सोडतं; दात किती लावायचा हे पिल्लू तिथेच शिकतं. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला तर २०१७ च्या केंद्राच्या नियमांनीही मनाई आहे.

घरी आणल्यावर झोपेतून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच ठरलेल्या जागी न्यावं. तिथे शी-शू केली की त्याच क्षणी शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. घरात घाण केली म्हणून त्यात नाक घासलं, तर ते फक्त आपल्या हाताला भ्यायला शिकतं. चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडून ४२ यायला लागतात, तेव्हा ते दिसेल ते कुरतडतं. चप्पल मारू नका, ओलं फडकं चघळायला द्या. लसी पुऱ्या होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या जागी खाली सोडू नये, पण कडेवर घेऊन बाजार, एसटी, मळणीयंत्र जरूर दाखवावं. माझ्या मते राखणीच्या कुत्र्याची खरी तयारी हीच.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात असते. लोक दवाखान्यात येतात ते बहुधा तेव्हाच, आणि तोवर पिल्लाला जगाची ओळख करून द्यायची वेळ जवळपास निघून गेलेली असते. म्हणून पशुसंवर्धन विभागाने आणि ग्रामपंचायतींनी दिवाळीआधीच दूध संकलन केंद्रांवर ही माहिती लावावी. गावातला बहुतेक प्रत्येक पशुपालक तिथे रोज सकाळ-संध्याकाळ येतो.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, तासगाव (जि. सांगली)