कामगार मंत्री साहेब, माझ्या पगारातले 776 रुपये कुठे गेले?

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, मी महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. गाडीवर नाव पालिकेचं, पण माझा पगार देतो ठेकेदार. गेल्या महिन्यात पहाटे साडेचारला, पाऊस चालू होता, केबिनमधून उतरताना फूटबोर्ड निसटला आणि उजवा घोटा मोडला. तो फूटबोर्ड 2 महिने वायरने बांधलेला होता, मुकादमाला 3 वेळा सांगितलं होतं. पायात आता रॉड आहे.

ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या दवाखान्यात गेलो तर काउंटरवरच्या मुलीने माझा विमा नंबर टाकला आणि स्क्रीनच माझ्याकडे फिरवली, म्हणाली काका 8 महिने तुमचे पैसेच आले नाहीत, नंबर बंद दाखवतोय. मी तिथेच वॉकर धरून उभा. माझ्या खिशात त्याच महिन्याची पगाराची स्लिप होती, त्यावर स्वच्छ छापलेलं, विमा कपात 776.

मग शेवटी खासगीत गेलो, 68 हजार बिल झालं, बायकोने भिशी उचलली, मेव्हण्याने 30 हजार दिले, बाकी पतसंस्था. मुलाची आयटीआयची फी अजून भरायची आहे.

घरी बसून मी हिशेब केला. माझा पगार 19,400. ईएसआयला कामगाराकडून पाऊण टक्का कापतात, म्हणजे 145 रुपये 50 पैसे. मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचे सव्वातीन टक्के, म्हणजे 630 रुपये 50 पैसे. बेरीज करा साहेब, 776 बरोब्बर! मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायचा नाही असं कायद्यात स्पष्ट आहे, तरी तोही माझ्याकडूनच घेतला आणि वर 8 महिने भरला पण नाही. असं 26 महिने कापलं, त्याचे 20,176 झाले. आमच्या डेपोत ठेक्यावरचे दीडशेच्या वर ड्रायव्हर असतील, सगळ्यांचं असंच असेल तर महिन्याला लाखाच्या पुढे जातं. हा आकडा माझा अंदाज आहे, पण तुमच्याकडे इन्स्पेक्टर आहेत ना, त्यांना मोजू द्या.

कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून हक्क आहे, बरं होईपर्यंत जवळपास 90 टक्के पगार मिळतो, हे मला आता एका युनियनवाल्याने सांगितलं. पण त्यासाठी अपघाताचा रिपोर्ट लागतो आणि सुपरवायझर म्हणतो ड्युटी संपल्यावर घरी जाताना पडला असं लिहून दे. मी नाही लिहून देणार.

ईएसआय केंद्राचं आहे म्हणून हात झटकू नका. ठेका पालिकेचा, ठेकेदाराने नाही भरलं तर पालिकेने भरायचं, कायद्याने ती मूळ मालक आहे. ठेकेदाराचं बिल पास करताना विम्याचे पैसे भरल्याचं चलन बघायला किती वेळ लागतो? माझ्या नंबरवर पैसे जमा झाले का हे एक क्लार्क 5 मिनिटांत बघू शकतो, पण कोणी बघत नाही, कारण टेंडर सगळ्यात कमी रेटवाल्याला द्यायचं आणि तो रेट कसा परवडतो ते कोणी विचारायचं नाही. तो आमच्या पगारातून परवडतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्या, प्रत्येकाला नियुक्तीपत्र मिळणार म्हणून टीव्हीवर ऐकलं. आमच्या डेपोत एकाकडेही नाही. विचारलं की उद्यापासून येऊ नको. 14 वर्षं ठेक्यावर काढली मी, 4 ठेकेदार बदलले, गाडी तीच, रूट तोच, कोविडमध्ये लोक दार उघडत नव्हते तेव्हा तोच कचरा उचलला.

माझा अपघाताचा रिपोर्ट काढून द्या. कापलेले पैसे व्याजासकट जमा करून घ्या आणि कापून न भरणाऱ्यावर गुन्हा दाखल करा, ती चोरीच आहे.

माझ्या गाडीवर आता एक बावीस वर्षांचा पोरगा लावलाय. काल त्याने पहिली स्लिप व्हॉट्सॲपवर पाठवून विचारलं, काका हे 776 कसले? त्याचा तरी नंबर चालू आहे का, एवढं आज बघून घ्या साहेब.

आपला,
एक ठेक्यावरचा ड्रायव्हर