मार्चमध्ये बेडूक कुठून आणायचे?

महोदय,

आपल्या भागातील एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे विषय पाहिले तर खानापूर तालुक्यातील बेडूक, कणकुंबी-चोर्ला परिसरातील सड्यांवरच्या (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरच्या) वनस्पती, जांबोटीच्या जंगलातील कीटक हे हटकून दिसतात. विषय चांगलेच आहेत. पण बहुतेक ठिकाणी प्रकल्प चौथ्या सत्राला बांधलेला असल्याने प्रत्यक्ष काम होते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. सह्याद्रीतल्या बहुतेक जिवांचे सत्र जूनमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरात संपते, हे वेळापत्रक आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू या छोट्या वनस्पतींची दाटी असते. फेब्रुवारीत तिथे उरते वाळके किंवा जळके गवत आणि तापलेला जांभा. फूल नाही, फळ नाही, मग जात ओळखायची कशावरून? बेडकांचेही तेच. झुडपांतले छोटे बेडूक जून-जुलैत रात्रभर ओरडतात, मार्चमध्ये ते पालापाचोळ्याखाली नाहीतर मातीच्या भेगांत असतात. २००७ साली चोर्ला भागातून म्हादईचे नाव दिलेली देवगांडुळाची (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा, बेडकांचा नातलग) एक नवी जात शास्त्राला कळली. पावसात ही मंडळी दगडा-ओंडक्याखाली सापडतात (दगड उचलला तर होता तसाच परत ठेवावा, खालचा ओलावा हेच त्यांचे घर). उन्हाळ्यात ती खोल जातात. शेवटी विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही आणि जातींची यादी जुन्या प्रबंधातून नव्या प्रबंधात उतरते.

यासाठी नियमावली बदलण्याचीही गरज नाही. प्रबंध चौथ्या सत्रातच सादर होऊ द्या, पण विषय आणि मार्गदर्शक पहिल्या वर्षाच्या जानेवारीत ठरवा. मग दुसऱ्या सत्रानंतरचा अख्खा पावसाळा हाताशी राहतो. जानेवारी म्हणण्याचे दुसरे कारण परवानगी. भीमगड अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि ती कागदपत्रे बेंगळूरपर्यंत जाऊन येतात. विभागाचे पत्र, नकाशा, कामाच्या तारखा, सोबत येणाऱ्यांची नावे आणि ‘काहीही पकडणार नाही’ की ‘पकडून सोडणार’ याचा स्पष्ट उल्लेख अर्जात असावा. हा शेवटचा मुद्दा मोघम राहिला की अर्ज अडकतो. आणि याच जंगलातल्या बारापेडे गुहांतल्या दुर्मीळ वटवाघळांवर विषय देण्याचा मोह मार्गदर्शकांनी आवरावा. वसतिस्थानात बॅटरी घेऊन शिरलेली एक तुकडीही पिल्लांच्या काळात मोठे नुकसान करू शकते.

आता कामाच्या पद्धतीविषयी. बेडकांसाठी ओढ्याकाठी १०० मीटरची पट्टी आखून अंधार पडल्यावर दोघांनी हळू चालत मोजणी करावी. तीच पट्टी किमान तीन वेगवेगळ्या रात्री चालावी, कारण एका रात्री न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. प्रत्येक वेळी तापमान, आर्द्रता आणि पाऊस किती तासांपूर्वी थांबला ते लिहावे. आवाज मोबाईलवर एक मिनिट टिपावा. पुष्कळदा जात आवाजावरूनच कळते. फोटो पाठीचा, बाजूचा आणि मागच्या पायाच्या बोटांमधल्या पडद्याचा हवा. नुसत्या पाठीच्या सुंदर फोटोवरून तज्ज्ञही नाव सांगू शकत नाहीत. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना गमबूट आधी चिखल काढून धुवावेत, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि चार भाग पाणी अशा द्रावणाने पुसावेत. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात सापडलेली आहे आणि ती आपल्याच बुटांवरून पसरू शकते.

झाडांसाठी १० बाय १० मीटरचा चौकोन, त्यात झुडपांसाठी ५ बाय ५ आणि गवत-रोपांसाठी १ बाय १. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर. इथवर सगळ्यांचे बरोबर असते. चूक होते ती जागा निवडताना. रस्त्यालगतच्या एकाच राईत दहा चौकोन टाकले म्हणजे दहा नमुने झाले नाहीत, एकाच जागेचे दहा तुकडे झाले. त्यावर जातींची विविधता मोजणारा शॅनन निर्देशांक काढून दशांश चिन्हापुढे चार आकडे लिहिले तरी तो जंगलाबद्दल काही सांगत नाही.

वनस्पतींचे नमुने पावसात वाळवणे हे खरे कसबाचे काम. त्यातून मोजकेच नमुने घ्यायचे. एका जागी वीसेक रोपे असतील तरच एखादे. फुलाचा रंग आणि वास तिथल्या तिथे, तोही पेन्सिलीने लिहावा. वाळल्यावर रंग जातो आणि जेलपेनची शाई पहिल्याच सरीत वाहून जाते. कागद पहिले तीन-चार दिवस रोज बदलावे लागतात. नाही बदलले तर तिसऱ्या दिवशी पाने काळी पडतात आणि पाठोपाठ बुरशी येते. थरांमध्ये खोक्याचा नालीदार पुठ्ठा घालून खाली ४० वॅटचा बल्ब लावला तर काम निम्म्यावर येते, मात्र बल्ब आणि कागदात वीतभर अंतर हवे. किडीसाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड वापरत. ते जहाल विष आहे. वाळलेला नमुना पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवला तरी भागते. एक संच पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या वनस्पती-संग्रहालयाला द्यावा, नाहीतर प्रबंधातले नाव पुढे कुणालाच पडताळता येत नाही.

ज्यांना उन्हाळ्यातच काम करणे भाग आहे त्यांनी त्या ऋतूचे विषय घ्यावेत. घटप्रभा नदीवरच्या धुपदाळ बंधाऱ्याच्या पाण्यावरचे हिवाळी पाहुणे पक्षी (तेही फेब्रुवारीअखेरपर्यंतच), पानगळीच्या झाडांचा फुलोरा किंवा मातीतले सूक्ष्म कीटक. मातीतून हे कीटक वेगळे करायला नरसाळे, जाळी, वर बल्ब, खाली ७० टक्के अल्कोहोलची बाटली आणि दोन-तीन दिवसांचा धीर एवढेच लागते. जंगलात जाणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे. माकडताप पसरवणारे गोचीड डिसेंबर ते मे या काळातच जास्त असतात आणि शेजारच्या सत्तरी व दोडामार्ग तालुक्यांत हा आजार येऊन गेला आहे. पूर्ण बाह्या घालाव्यात, विजार मोज्यात खोचावी, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासावे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

जाता जाता, वनस्पती दाबायला शिळी वृत्तपत्रेच सर्वांत सोयीची. मात्र आपल्या रविवार पुरवणीचा गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांना रद्दी देणाऱ्यांनी रोजचे साधे अंकच द्यावेत.

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
टिळकवाडी, बेळगाव