दापोडीची चित्रे दापोडीत दिसू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पुण्याजवळच्या दापोडीत 1828 साली मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी सरकारी वनस्पती उद्यान सुरू केले. पुढे 1838 पासून ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश माणसाच्या हाती होते. कंपनी सरकारचा हा सर्जन त्याआधी दख्खन-खानदेशात गावोगाव देवी टोचत फिरला होता, मराठीही शिकला होता. जुन्नरजवळच्या हिवऱ्याला त्याने औषधी झाडांची बाग वाढवली. तिथली सोनामुखी सरकारी औषधभांडारात जात असे.

दक्षिण कोकणात जंगल तुटले तसे झरे आटू लागले, हे त्याने 1846 मध्येच सरकारला लिहून कळवले. दुसऱ्या वर्षी तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याला देवत्व द्यावे असे मी म्हणत नाही. सरकारला सागवान हवे होते, आणि डोंगरातल्या कुमरी शेतीला, म्हणजे जंगल तोडून-जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीला, त्याचा विरोध होता. त्या धोरणाची झळ डोंगरात राहणाऱ्यांना बसली. ही बाजूही सांगितली गेलीच पाहिजे. वनस्पतींचा अभ्यासक डाल्झेल याच्यासोबत त्याने लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ 1861 मध्ये निघाला. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक तो आजही उघडतात.

पण माझा जीव गुंतला आहे तो दुसऱ्याच एका माणसात. 1847 ते 1850 या काळात गिब्सनने दापोडीत एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. पान, फूल, फळ, सगळे नजरेने तोलून काढलेले. कामाचा हुकूम देणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. ज्याने कुंचला धरला त्याचे कुठेच नोंदले गेले नाही. चित्रे आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. तिथे ती जपली गेली, याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पण ज्या मातीतली ही झाडे, तिथल्या शाळकरी मुलांना ती पाहायला मिळू नयेत याचे फार वाईट वाटते.

मूळ चित्रे परत आणा, असा माझा आग्रह नाही. आपल्या खात्याने एडिंबराशी पत्रव्यवहार करून उत्तम प्रतीच्या छापील प्रती मिळवाव्यात आणि त्या दापोडी मेट्रो स्थानकात कायमच्या लावाव्यात. प्रत्येक चित्राखाली झाडाचे मराठी नाव असावे, आणि चित्रकाराच्या जागी ‘नाव अज्ञात’ असे ठळक अक्षरांत लिहावे.

आपला,
पिंपरी-चिंचवडचा एक रहिवासी