न्यूट्रिनो ‘आरपार’ जातो, हे अर्धेच सत्य

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

न्यूट्रिनो हा विद्युतभाररहित, पदार्थाशी क्वचितच टक्कर होणारा सूक्ष्म कण पृथ्वीच्या आरपार निघून जातो, हे वाक्य शाळेच्या वर्गापासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वत्र आढळते. सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंपुरते ते खरे आहे. परंतु अतिउच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंना ते लागू पडत नाही, आणि ही चूक किरकोळ नव्हे, कारण या विषयातील खरा प्रश्न तिच्याआड झाकला जातो.

भूमध्य समुद्राच्या तळाशी असलेल्या केएमथ्रीनेट या न्यूट्रिनो टिपणाऱ्या दुर्बिणीने १३ फेब्रुवारी २०२३ रोजी टिपलेल्या घटनेचेच उदाहरण घ्यावे. त्या न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २२० पेटाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे २२ वर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट, असावी असा अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या ऊर्जेचा न्यूट्रिनो खडकातून सरासरी हजारेक किलोमीटर गेला की एखाद्या न्यूक्लिऑनवर, म्हणजे अणुकेंद्रातील प्रोटॉनवर किंवा न्यूट्रॉनवर, आदळतो; पृथ्वीचा व्यास तर पावणेतेरा हजार किलोमीटर आहे. त्यामुळे ती घटना पृथ्वीच्या पोटातून वर येणारी नसून जवळजवळ क्षितिजसमांतर होती, यात नवल नाही.

मात्र हा ‘हजारेक किलोमीटर’चा आकडा कोणी मोजलेला नाही, ते भाकीत आहे. टक्कर होण्याची शक्यता ज्या राशीने व्यक्त करतात, तो काटछेद आधी ऊर्जेच्या समप्रमाणात वाढतो. काही टेराइलेक्ट्रॉनव्होल्टनंतर (हजार टेरा म्हणजे एक पेटा) या टकरीत मध्यस्थ असणाऱ्या डब्ल्यू बोसॉन या कणाच्या वस्तुमानामुळे ही वाढ मंदावते, पण थांबत नाही, कारण ऊर्जा वाढेल तसतसे प्रोटॉनच्या संवेगाचा अतिशय लहान वाटा घेऊन फिरणारे क्वार्क, म्हणजे प्रोटॉनचे घटक कणही न्यूट्रिनोच्या आवाक्यात येतात, आणि अशा क्वार्कांची व त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनची तेथे दाटी असते. ही दाटी जर्मनीतील हॅम्बुर्गच्या हेरा या कणत्वरकावर १९९२ ते २००७ या काळात मोजली गेली. राज गांधी, ख्रिस क्विग, मेरी हॉल रेनो आणि इना सार्सेविक यांनी १९९६ मध्ये केलेल्या गणितानुसार ऊर्जा हजारपट झाली की काटछेद सुमारे सोळापट होत होता; हेराची नवी मोजमापे हाती आल्यावर १९९८ मध्ये त्यांनीच केलेल्या गणितात तो बारापटीवर आला. नव्या पुराव्यापुढे आपलाच आकडा बदलण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटते, आणि विद्यार्थ्यांना नेमके हेच सांगितले जात नाही.

१० च्या २० व्या घाताइतक्या इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला संवेगाचा दहा कोटींवा वाटा घेणारे क्वार्क महत्त्वाचे ठरतात, तर हेराची या कामी उपयोगी पडणारी मोजमापे साधारण दहा हजाराव्या वाट्यापाशी संपतात. त्यापलीकडे सिद्धान्ताच्या आधारे पुढे जावे लागते. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर आणखी माणूस शिरू शकत नाही, तशी ग्लुऑनची गर्दी कोठेतरी थबकत असेल, ग्लुऑन एकमेकांत विलीन होऊ लागत असतील, तर काटछेद भाकितापेक्षा कमी भरेल. तो अधिक भरला, तर एखाद्या अज्ञात बलाचा विचार करावा लागेल.

याची पडताळणी पृथ्वीच करून देते. तिच्या गाभ्यातून आलेले आणि आडवे आलेले न्यूट्रिनो यांची तुलना करून दक्षिण ध्रुवावरील बर्फात बसवलेल्या आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेने २०१७ मध्ये सुमारे ९८० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा काटछेद मोजला आणि तो प्रचलित सिद्धान्ताशी जुळला. केएमथ्रीनेटच्या घटनेची ऊर्जा याच्या दोनशेपटीहून अधिक आहे. शिवाय घटनांची संख्या न्यूट्रिनोंचा ओघ आणि काटछेद या दोहोंवर अवलंबून असल्याने, काटछेदाचे भाकीत चुकले तर विश्वातून असे किती न्यूट्रिनो येतात याचा हिशेबही चुकतो.

म्हणून आपणांस विनंती आहे की, अशा बातम्यांत न्यूट्रिनोची ऊर्जा अवश्य द्यावी आणि मोजलेले काय व भाकीत काय, हे वेगळे सांगावे. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनी पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला पुण्या-जुन्नरकडची मुले मोठ्या संख्येने येतात; तेथे या भाकितांवर मराठीतून एक व्याख्यान ठेवावे, अशी तेथील शास्त्रज्ञांनाही विनंती आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना घातांकांचे हे गणित निश्चित समजते.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, पुणे