'वेव्हर' आणि 'राइट-ऑफ' या दोन्ही शब्दांना 'माफी' म्हणू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थकीत कर्जांच्या बातम्यांत इंग्रजीतील 'वेव्हर' आणि 'राइट-ऑफ' या दोन्ही शब्दांसाठी मराठी वर्तमानपत्रांत सर्रास 'कर्जमाफी' छापले जाते. परभणी जिल्ह्यातील एका बँक शाखेत २७ वर्षे शेतीकर्जाचे काम पाहिल्यामुळे या एका शब्दाने खेड्यात काय होते, हे मी जवळून अनुभवले आहे.

'वेव्ह' करणे म्हणजे असलेला हक्क आपणहून सोडणे. बेवारस वस्तूला इंग्रजीत 'वेफ' म्हणतात, त्याच कुळातला हा शब्द. २००८ च्या केंद्रीय योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र कर्ज असे माफ झाले. त्याची भरपाई शासनाने बँकांना दिली, म्हणून शेतकऱ्याचे देणे खरोखर संपले.

'राइट-ऑफ' हा शब्द मात्र हिशेबाच्या वहीतला आहे. जे येणे वसूल होण्याची आशा उरलेली नाही, त्यासाठी बँक आपल्या नफ्यातून तरतूद करते आणि ते ताळेबंदातून उतरवते. अपघातात दुरुस्तीपलीकडे गेलेल्या मोटारीलाही इंग्रज हाच शब्द लावतो, कारण तेथेही प्रश्न हिशेबातल्या नोंदीचा असतो, कोणाला क्षमा करण्याचा नसतो. तांत्रिक राइट-ऑफमध्ये तर रक्कम मुख्य कार्यालयाच्या पुस्तकातून उतरते, पण शाखेच्या खात्यावर येणे तसेच राहते. वसुली थांबत नाही आणि सातबारावरचा बोजाही हटत नाही.

एकदा खरिपाच्या तोंडावर एक वयस्कर शेतकरी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, पेपरात तर माफ झालं म्हून आलंय, बेबाकी द्या." बेबाकी म्हणजे देणे उरले नसल्याचा दाखला. माफीच्या भरवशावर त्यांनी एकरकमी तडजोडीची, म्हणजे ठरलेली कमी रक्कम एकदाच भरून कर्ज मिटवण्याची, मुदत जाऊ दिली होती. त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

मोठ्या उद्योगांची कर्जे राइट-ऑफ झाल्याच्या बातमीतही 'माफ' हा शब्द चुकीचाच आहे. तेथे नंतर किती वसुली झाली, हा खरा प्रश्न आहे आणि 'माफ' म्हटले की तो विचारायचाच राहून जातो.

'राइट-ऑफ'साठी 'निर्लेखन' हा शब्द बँकांच्या मराठी कागदपत्रांत रूढ आहे. तो अपरिचित वाटत असेल, तर बातमीत पहिल्यांदा येईल तेथे 'ताळेबंदातून वगळले, वसुली कायम' एवढे चार शब्द आपण जोडावेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, परभणी