ताई, त्या फणीबद्दल

ताई,

परवा लेकीची 18 महिन्यांची शेवटची एचआयव्ही तपासणी झाली. निगेटिव्ह. फोनवर तुम्हाला सांगताना दोघींनाही पुढं बोलता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. नावं घालत नाही. गावाला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे, तेवढं बास.

ज्या दवाखान्यात तिसऱ्या महिन्यापासून जात होते, तिथं सातव्यात माझा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. फाइलवर लाल पेनानं ठळक लिहिलं आणि फाइल काउंटरवर तशीच उघडी ठेवली. माझ्या नवऱ्याच्या आधी रांगेतल्या बायकांना कळलं. ‘आमच्याकडं सोय नाही, सरकारीत जा.’ असं वागता येत नाही, 2017 चा एचआयव्हीचा कायदाच आहे, हे नंतर तुम्ही सांगितलंत. शिकल्यासवरल्या माणसांना ते माहीत नसेल असं मला वाटत नाही.

सरकारीत गोळ्या सुरू झाल्या, बाळंतपण नीट झालं. पण वॉर्डात माझ्या खाटेपाशी कोणी टेकत नव्हतं. जेवणाचं ताट पायाशी ठेवून जायचे. आई आली नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, एचआयव्हीच्या कामातल्या ताई म्हणून. मला वाटलं, आता कागद काढाल, प्रश्न विचाराल. तुम्ही काहीच विचारलं नाही. माझ्या मागं खाटेवर मांडी घातलीत आणि वेणी सोडलीत. पाच दिवसांचा गुंता होता. टोकाकडून हळूहळू सोडवत वर आलात, एकदाही ओढ बसू दिली नाही. फणीत अडकलेले केस बोटाला गुंडाळून, आई घालते तशी त्याची गाठ घातलीत आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलीत. मग म्हणालात, ‘माझी पण हीच गोळी. रात्री जेवल्यावर. बरीच वर्षं झाली.’ तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

वेळेवर गोळ्या घेतल्या तर 100 तल्या 5 बाळांनासुद्धा लागण होत नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. खरं वाटलं ते तुमच्या तोंडून. सहा आठवडे लेकीला सिरप द्यायचं होतं. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता, तर ड्रॉपर माझ्या हातात ठेवून वरून तुम्ही हात धरलात.

सांगलीत 1992 मध्ये संग्राम या संस्थेचं एचआयव्हीचं काम सुरू झालं, तेव्हा गोकुळनगरच्या वस्तीत धंदा करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना निरोध वाटले, समजावलं, आणि पुढं वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही स्वतःची संघटना उभी केली, हे तुम्हीच सांगितलंत. ज्यांना कोणी माणसात धरत नव्हतं, त्यांनी हे केलं. तरी अजून या कामाच्या बैठकीत टेबलाशी साहेब बसतात आणि तुमच्यासारख्या मागं, भिंतीला. तुमचं मानधन थकतं, ते तुम्ही बोलत नाही, पण एसटीचं तिकीट जपून ठेवता ते मी पाहिलंय. कोणाच्या घरात गोळ्यांची डबी कुठं लपते, कोण मध्येच गोळ्या सोडतंय, हे तुम्हाला ठाऊक असतं. ठरवायला तुम्हालाच बसवायला हवं.

एक मागणं आहे. शेवटची तपासणी होईपर्यंत जावळ काढायचं नाही, असं मी मनाशी धरलं होतं. आता काढणार आहे. मांडीवर घ्यायला मामा लागतो, पण माझा भाऊ येत नाही. तुम्ही याल का?