सेकंड शिफ्टचं घड्याळ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

त्या रात्री तुझं आणि दादाचं वाजलं तेव्हा मी मध्ये पडले नाही. दोघं दमलेली होतात, मीही दमले होते. पण उठताना तू जे वाक्य टाकून गेलीस ते अजून टोचतंय. "जाऊ दे ना, सगळं सापेक्ष असतं." पस्तीस वर्षं मी फळ्यावर सापेक्षता शिकवली आणि माझ्याच मुलीने तो शब्द दार लोटून घ्यायला वापरावा! म्हणून हे पत्र. लांबणार आहे, माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

आधी भांडण काय होतं ते मांडते. दादा म्हणाला, "माझ्या लहानपणी बाबा घरात नसायचेच." तू म्हणालीस, "काहीतरीच! बाबा मला रोज रात्री गोष्ट सांगून झोपवायचे." तो म्हणाला, "तुला." त्या एका 'तुला'वरून पुढचं सगळं झालं. बाबा शेजारच्या खोलीत ऐकत होते. तू गेल्यावर मला म्हणाले, "मी तर त्याला रोज बघायचो." एकाच घरातल्या तिघांचे तीन निरनिराळे बाबा.

आता तुझा तो शब्द. तू पाच-सहा वर्षांची असताना मामाच्या मुलीशी भांडून रडत आली होतीस, आठवतं? कोणीतरी तुला सांगितलं होतं की ती तुझी मामेबहीण. तुझं म्हणणं, मग मीही तिची मामेबहीण. ती म्हणे, नाही, तू आतेबहीण. तुला वाटलं ती तुला खालच्या पायरीवर बसवते आहे. मी तेव्हा हसले आणि विषय सोडून दिला. खरं तर तिथेच तुला बसवून सापेक्षता शिकवायला हवी होती.

कारण त्या भांडणात सगळा सिद्धांत आहे. दोन भावांची मुलं एकमेकांची चुलत भावंडं. दोन बहिणींची मुलं एकमेकांची मावस भावंडं. इकडून पाहा नाहीतर तिकडून, नाव तेच राहतं. पण एका भावाची आणि एका बहिणीची मुलं असली की नाव बघणाऱ्याच्या जागेवर ठरतं. इकडून 'मामे', तिकडून 'आते'. 'नुसती मामेबहीण' अशी बाई जगात कुठे नसते, ती कोणाची तरी असावी लागते. इथवर तुझं बरोबर. पण मनाला येईल ते नाव लावता येतं का? नाही. मामे उलटलं की आतेच होतं, त्याचं चुलत कधी होत नाही. आणि या उलटापालटीत एक गोष्ट जागची हलत नाही. तुझे आईकडचे आजी-आजोबा आणि तिचे वडिलांकडचे आजी-आजोबा ही तीच दोन माणसं.

म्हणजे जागा बदलली की नाव बदलतं, ते कसं बदलावं याचा नियम ठरलेला असतो, आणि काहीतरी अजिबात बदलत नाही. लोक यातलं पहिलं तेवढं उचलतात आणि उरलेलं बाकावर विसरून जातात.

घरात मूल आलं की आणखी एक मौज होते, ती तुझ्या लक्षात आली नसेल. दादा बोलायला लागला आणि मी माझ्या सासऱ्यांना 'आजोबा' म्हणायला लागले. ते मला 'आई' म्हणायचे, "आईला विचार". तुझे बाबा माझ्यासाठीही बाबा झाले. घरातल्या सगळ्यात छोट्या माणसाच्या जागेवर जाऊन सगळी मोठी माणसं बोलायला लागली, आणि कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या जागेवरून बोलणं माणसाला इतकं सहज जमतं. मग भांडतानाच का जमत नाही, हे मला कळत नाही.

आता विज्ञान. थोडक्यात सांगते म्हणत होते, पण जमेल असं वाटत नाही.

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, नावेचा दाखला दिला. पुढे जाणाऱ्या नावेत बसलेल्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे सरकताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. पुढच्या बऱ्याच टीकाकारांना ते पचलं नाही, त्यांनी श्लोकाचा अर्थ वळवून घेतला. गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या पोटातल्या बंद खोलीची कल्पना मांडली. आत फुलपाखरं उडताहेत, भांड्यात मासे पोहताहेत, टांगलेल्या भांड्यातून पाण्याचे थेंब गळताहेत. जहाज उभं असो की संथ एका वेगाने चाललेलं असो, आत काही फरक दिसत नाही. आपण तशाच जहाजात आहोत. हे वाचताना तू सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर वेगाने चालली आहेस आणि तुझ्या चहाच्या कपावर तरंगही उठत नाही.

अडचण आली ती प्रकाशामुळे. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी पृथ्वीच्या गतीमुळे प्रकाशाच्या वेगात पडणारा फरक मोजायला घेतला आणि अपेक्षित फरक त्यांना सापडलाच नाही. १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइनने ते सरळ मान्य करून टाकलं. प्रकाशाचा वेग, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, एकसारख्या गतीने जाणाऱ्या प्रत्येक निरीक्षकाला तोच मिळणार. मग कोणीतरी नमतं घ्यायला हवं. वेळेने आणि लांबीने घेतलं. 'एकाच वेळी' घडलेल्या दोन घटना दुसऱ्या कोणाला पुढेमागे घडलेल्या दिसू शकतात.

त्या निबंधाच्या शीर्षकात 'सापेक्षता' हा शब्दच नाही, तिथे गतिमान वस्तूंच्या विद्युतगतिशास्त्राची भाषा आहे. सिद्धांताला हे नाव पुढच्या काही वर्षांत चिकटलं. 'न बदलणाऱ्याचा सिद्धांत' हे नाव पद्धतीला जास्त शोभलं असतं, असं आइन्स्टाइनने नंतर एका पत्रात मान्य केलं, पण तोवर उशीर झाला होता. मला नेहमी वाटतं, ते नाव रूढ झालं असतं तर भांडणं मिटवायला हा शब्द कोणी वापरला नसता. १९०८ मध्ये मिन्कोव्स्की या गणितज्ञाने ते न बदलणारं नेमकं काय हेही दाखवलं. वेगवेगळ्या गतीने जाणारे दोन निरीक्षक घे. दोन घटनांमधलं अंतर दोघांना वेगळं, वेळ वेगळी, पण दोन्ही मिळून जो एक आकडा निघतो तो दोघांचा एकच. (मिळवायचं कसं ते इथे लिहीत नाही. त्यात एक वजाबाकी आहे आणि तू वही फेकून द्यायचीस ती तिथेच.)

घड्याळांमधला फरक खरा असतो. १९७१ मध्ये हाफेली आणि कीटिंग हे दोन शास्त्रज्ञ प्रवासी विमानांतून सिझियमची चार अणुघड्याळं घेऊन जगाला फेरी मारून आले, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिलं तर पूर्वेची फेरी सुमारे ५९ नॅनोसेकंद (म्हणजे सेकंदाचे अब्जावे भाग) मागे पडली होती आणि पश्चिमेची २७३ पुढे गेली होती. ज्याचं घड्याळ त्याच्यापाशी, असं म्हणून ते घरी गेले नाहीत. किती फरक पडायला हवा ते त्यांनी गणिताने काढलं होतं आणि ते जुळलं. तुझ्या फोनला रस्ता दाखवणारे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. वेगामुळे त्यांची घड्याळं रोज ७ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षावे भाग) मागे पडतात आणि तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे ४५ पुढे जातात. बाकी उरतात ३८. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून लांब जातो. 'सगळं सापेक्ष असतं' म्हणून ती बेरीज-वजाबाकी सोडली असती तर तू त्या रात्री घरीसुद्धा पोचली नसतीस. २०१० मध्ये तर फक्त ३३ सेंटीमीटर वर ठेवलेलं घड्याळ जलद चालतं हेही मोजलं गेलं. म्हणजे डोकं पायांपेक्षा जरा लवकर म्हातारं होतं. माझ्याकडे बघून तुला ते पटेल.

ज्या १८८७ मध्ये मायकेलसन-मोर्लींच्या हाती काही लागलं नाही, त्याच वर्षी फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने लिहिलं की सभ्यता ही निरपेक्ष गोष्ट नाही आणि आपल्या कल्पना आपल्या सभ्यतेपुरत्याच खऱ्या असतात. हा माणूस मुळात भौतिकशास्त्राचा. १८८१ मध्ये त्याने पाण्याच्या रंगावर डॉक्टरेट केली आणि मग कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर जाऊन राहिला. संस्कृतीच्या अभ्यासातली सापेक्षता त्याच्या आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या हातून वाढली. ऑस्ट्रेलियातल्या गुगु यिमिथिर भाषेत माणसाच्या जागेसाठी डावं-उजवं नाही, तिथे उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम चालतं. 'तुझ्या उत्तरेकडच्या पायाशी मुंगी आहे' असं तिथे म्हणतात, आणि तू वळलीस की तो पाय उत्तरेचा राहत नाही. आपण ज्याला उघड समजतो ते दुसऱ्याला उघड नसतं, हे शिकायला असं उदाहरण लागतं. अशा वेळी 'त्यांचं चूक' म्हणणारा मूर्ख ठरतो, त्यात वाद नाही.

पण बोआसची शिस्त अशी होती की आधी समजून घ्या, निवाड्याची घाई करू नका. घाई करू नका म्हणजे निवाडाच करू नका असं नव्हे. १९४७ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की मूल्यं संस्कृतीसापेक्ष असतात, तेव्हा सगळ्या मानवजातीसाठी मानवी हक्कांचा एक जाहीरनामा करताना जपून. शंका खोटी नव्हती, कारण साम्राज्यं चालवणारेच तेव्हा सगळ्या जगाच्या वतीने बोलत होते. तरी १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द येणार होते, तिथे 'सर्व मानव' आलं ते भारताच्या हंसा मेहतांच्या आग्रहामुळे. हे मला फार आवडतं. बाहेरची एक बाई येते, दाखवते की तुमचं 'सर्व' तुमच्याच चौकटीपुरतं आहे, आणि म्हणून 'सर्व' हा शब्दच टाकून देत नाही, तो नीट करून घेते. त्याच मानववंशशास्त्र संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने निवेदन काढलं. बावन्न वर्षं लागली. आपल्याकडे तेवढा वेळ नाही.

आणि एक राहिलं, जुळ्यांचं कोडं. एक जण वेगाने दूर जाऊन परत येतो, दुसरा घरी असतो. दोघांनाही दुसऱ्याचं घड्याळ सावकाश चाललेलं दिसायला हवं, मग म्हातारं कोण? वर्गात दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, "ज्याच्या त्याच्या दृष्टीने." नाही. भेटल्यावर घरी राहिलेलाच म्हातारा असतो आणि ते दोघांनाही दिसतं, कारण दोघांच्या वाटा सारख्या नव्हत्या. मध्ये वळला तो एकच आणि वळणाचा धक्का बसला तोही त्यालाच.

आता आपल्या घरात धक्का कोणाला बसला ते बघ. मी जुन्या डायऱ्या काढल्या. तारखेच्या बाजूला मी बाबांची शिफ्ट लिहून ठेवायची, 'से.' म्हणजे सेकंड. दुपारी तीन ते रात्री अकरा, घरी यायला साडेअकरा. दादाची शाळा सातची. तो निघायचा तेव्हा बाबा झोपलेले, तो परत यायचा तेव्हा त्यांची निघायची घाई, आणि ते यायचे तेव्हा तो झोपलेला. मी शाळेतून येईपर्यंत गळ्यात किल्ली घालून तो एकटा. डायरीत असं सलग 'से.' सात वर्षं आहे. तू झालीस तेव्हा दादा नऊ वर्षांचा होता. तू तीन महिन्यांची असताना बाबांना जनरल शिफ्ट मिळाली.

तू म्हणतेस ते खरं आणि दादा म्हणतो तेही खरं, पण मी तिथे थांबणार नाही. वर्षं, तास, 'से.' हे तिघांनाही सारखंच आहे. तेवढं समोर ठेवलं की तुझ्या बाबांवरून दादाचे बाबा कसे होते ते काढता येतं, कोणालाही खोटं न पाडता.

तुम्हा दोघांनाही माहीत नसलेलं एक सांगते. रात्री साडेअकराला आल्यावर बाबा दादाच्या अंथरुणाशी बसायचे, पांघरूण सारखं करायचे आणि त्याच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलींना टोक करून ठेवायचे. रोज. टोक मी करते असं दादा शाळेत सांगायचा आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. कदाचित मलाही बरं वाटत असावं. त्या रात्री 'मी त्याला रोज बघायचो' म्हणाले ते हे. त्याने दादाचं म्हणणं खोडलं जात नाही. जागेपणी त्याच्यापाशी बाबा नव्हते, ते नव्हतेच.

त्या डायऱ्या मी गेल्या आठवड्यात दादाकडे पाठवल्या, पेन्सिलींचं एका कागदावर लिहून. त्याने वाचलं की नाही ते सांगितलं नाही. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, बाबांसाठी. मी म्हटलं झोपलेत, उठवू का? "नको," म्हणाला, "झोपू दे." पण फोन ठेवला नाही. बराच वेळ मग पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत होता.

तुझी,
आई